टाके पिकले की आधी जंतूची वाट शोधा

प्रश्न असा आहे. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 25 खाटांचं खासगी प्रसूती रुग्णालय. गेल्या दोन महिन्यांत 41 सिझर झाली, त्यातल्या पाच जणींचे टाके पिकले. चौथीनंतर डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदलून भारीतलं सुरू केलं, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) फ्युमिगेशन, म्हणजे जंतुनाशक धूर सोडणं, दोनदा झालं, तरी पाचवी आलीच. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. तिथल्या इनचार्ज सिस्टर विचारतात, ‘मॅडम, सुरुवात कुठून करू? डॉक्टर म्हणतात पेशंटच स्वच्छता पाळत नाहीत. आणि यासाठी वेगळा खर्च मागायची माझी हिंमत होत नाही.’

ताई, मी 31 वर्षं नर्सिंगमध्ये काढली. त्यातली शेवटची 16 संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून, आणि सगळी मराठवाड्यातच. म्हणून तुमचा बोअर, तुमचा टँकर आणि तुमची अडचण मला दिसते आहे.

आधी एक सांगते. तुम्ही मोजलंत, हेच मोठं काम झालं. बहुतेक ठिकाणी ‘एखादीचे पिकतातच’ म्हणून विषय संपतो. 41 मध्ये पाच म्हणजे शंभरात 12. हा आकडा पेशंटच्या अंगावर ढकलण्यासारखा नाही. आणि खरा आकडा याहून जास्त असण्याची शक्यता आहे, कारण ऑपरेशननंतर 30 दिवसांच्या आत जखम पिकली तर ती ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग म्हणून धरतात, आणि तुमच्या बायका पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जातात. पुढं काय झालं ते गावातल्या डॉक्टरला माहीत, तुम्हाला नाही. तुमच्या भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ओल्या बाळंतिणीसुद्धा फडावर जातात. तिथं जखमेतून पाणी आलं तर ती बाई कुणाला सांगणार? केसपेपरवर नवऱ्याच्या नंबरसोबत मुकादमाचाही नंबर लिहून घ्या आणि तिसाव्या दिवशी एक फोन करा. ताप आला का, जखमेतून काही आलं का, कुणी टाका उघडला का, एवढे तीनच प्रश्न. एका फोनला दोन मिनिटं लागतात.

आता मूळ मुद्दा. अँटिबायोटिक बदलून हे थांबणार नाही. जंतू सहसा आपोआप उडत येऊन जखमेत बसत नाही. कुणीतरी किंवा कशानं तरी तो तिथं नेऊन सोडलेला असतो: हातानं, पाण्यानं, गॉजनं, चिमट्यानं. ती वाट चालू असेपर्यंत तुम्ही कितीही भारी औषध द्या, पुढची बाई येणारच. उलट भारी औषधानं साधे जंतू मरतात आणि दाद न देणारे उरतात, मग सहावीला जे होईल त्याला औषधच सापडणार नाही. डॉक्टरांशी वाद घालायला मी सांगत नाही. त्यांच्यासमोर वाट मांडा, ते समजून घेतील.

वाटेचा पहिला धागा दिवसांत असतो. पाचही जणींचे कागद समोर घ्या आणि कितव्या दिवशी काय दिसलं ते लिहा. पहिल्या 48 तासांत जोराचा ताप आणि जखम लाल, भयंकर दुखरी, असं असेल तर ते वेगळं आणि तातडीचं दुखणं आहे, तिथं एक तासही थांबायचं नाही. चौथ्या ते आठव्या दिवसात पू आला तर बहुधा नेहमीचे जंतू. आणि जखम छान भरली, टाके निघाले, बाई घरी गेली, मग तीन-चार आठवड्यांनी एक गाठ, त्यातून पाण्यासारखा स्राव, एक तोंड बंद झालं की शेजारी दुसरं, नेहमीच्या औषधाला काही दाद नाही, असं असेल तर माझी शंका सरळ पाण्यावर जाते. क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद पाण्यात आणि पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. क्लोरीनला ते बऱ्यापैकी पुरून उरतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनची अवजारं ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून मग नळाच्या पाण्यात खंगाळली की ते थेट पोटाच्या भोकापर्यंत पोचतात. तुमच्याकडे दुर्बिणीनं कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं होत असतील तर त्या बायकांचीही चौकशी करा. आणि अशा जखमेचा नमुना पाठवताना क्षयाच्या जंतूचे हे भाऊबंद (नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) बघा असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, कारण नेहमीच्या तपासणीत दोन दिवसांनी ‘काही वाढलं नाही’ असाच रिपोर्ट येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

नमुना घेतला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पुढच्या वेळी घ्या, नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. वरचा पू टिपून तो नमुना म्हणून पाठवू नका. जखम सलाईननं धुवा, मग आतल्या भागातून घ्या. अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी बोलून ठेवा. नमुना कशात, किती वाजेपर्यंत पोचवायचा ते आधी विचारा. एसटीच्या डिकीत उन्हात दिवसभर पडलेल्या स्वॅबला काही अर्थ नसतो. दोघी-तिघींमध्ये स्युडोमोनस हा ओलाव्यात वाढणारा जंतू निघाला तर ओल्या जागा शोधा: पाणी, साबणाच्या डब्या, सलाईन, जंतुनाशकाच्या बाटल्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे माणसाच्या अंगावर राहणारा जंतू, निघाला तर हात, त्वचा आणि नाक बघा.

रिपोर्ट येईपर्यंत थांबू मात्र नका. उद्या एक वही घ्या आणि एका सिझरच्या बाईसोबत सावलीसारख्या राहा. ती आंघोळ कुठं करते इथपासून तिचा पहिला ड्रेसिंग होईपर्यंत. कुणाला टोकायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त कोणी कशाला हात लावला ते लिहायचं. संध्याकाळपर्यंत तुम्हाला निम्मी उत्तरं मिळालेली असतात. मी जिथं जिथं हे केलं तिथं सर्वांत जास्त जे सापडलं ते ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर, म्हणून ती नीट उलगडून सांगते.

ट्रॉलीवर एक स्टीलचा ड्रम असतो. सकाळी तो ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, येतो तेव्हा आतला गॉज निर्जंतुक असतो. पहिल्या पेशंटला झाकण उघडलं, चिटल फोर्सेपनं (निर्जंतुक सामान उचलायच्या लांब चिमट्यानं) गॉज काढला, झाकण अर्धवट टेकवलं. दुसऱ्या पेशंटला पुन्हा तेच. दहाव्या पेशंटपर्यंत तो ड्रम दहा वेळा वॉर्डातली धूळ प्यालेला असतो, आणि वर पट्टीवर मात्र सकाळची तारीख ‘निर्जंतुक’ म्हणून मिरवत असते. तो चिटल ज्या उंच बरणीत उभा असतो तिच्यात सॅव्हलॉन ओतलेलं असतं. ते कधी बदललं, विचारा. एका ठिकाणी मी बरणी उपडी केली तर तळाला राखाडी गाळ निघाला, गॉजचे दोरे आणि एक मेलेला डास. त्याच चिटलनं महिनाभर प्रत्येक जखमेचा गॉज काढला जात होता. शेजारी बेटाडिनची छोटी बाटली असते, ती संपत आली की मोठ्या कॅनमधून वर ओततात, धुवत कधीच नाहीत. आणि जंतुनाशकाच्या बाटलीत जंतू वाढत नाहीत हा समज चूक आहे. काही जंतू तिथंही वाढतात, खास करून पातळ केलेल्या आणि पुन्हा पुन्हा भरलेल्या बाटलीत.

यावरचा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. ड्रम बंद करा. एका ड्रेसिंगला लागणारा गॉज, कापसाचे बोळे आणि दोन चिमटे एका दुहेरी कापडाच्या पुडक्यात बांधा, एक पेशंट एक पुडकं. शिंप्याकडून जुन्या हिरव्या चादरीची 40 चौकोनी फडकी शिवून घ्या. चिटल आणि त्याची बरणी ट्रॉलीवरून कायमची काढा. छोटी बाटली रिकामी झाली की धुऊन, वाळवून, ऑटोक्लेव्ह करून मगच भरा आणि तिच्यावर तारीख लिहा. ड्रेसिंग करताना आधी चांगल्या जखमा, शेवटी पिकलेली. हा क्रम तर आजच लावता येईल.

त्याच ट्रॉलीवर सलाईनची बाटली दिसली आणि तिच्या बुचात एक सुई खोचून ठेवलेली दिसली, तर ती तिथल्या तिथं फेकून द्या. हे मी दुसऱ्याचं ऐकून सांगत नाही. नोकरीच्या पाचव्या वर्षी मी नवजात बालकांच्या वॉर्डात होते. सकाळी एक 500 मिलीची बाटली लटकवायची, बुचात सुई टोचून ठेवायची आणि दिवसभर सगळ्या लेकरांच्या नळ्या तिच्यातल्याच सलाईननं फ्लश करायच्या, अशी पद्धत होती. मलाही तसंच शिकवलं होतं, आणि मी तसंच करत होते. एका आठवड्यात चार लेकरांना ताप आला, दूध पिणं बंद झालं. चौघांच्या रक्तात एकच जंतू निघाला, क्लेबसिएला, आणि तोच त्या बाटलीत निघाला. एक लेकरू गेलं. ती बाटली त्या सकाळी मी लावली होती. त्या माउलीनं मला काही विचारलं नाही, कारण तिला काही माहीतच नव्हतं. म्हणून मी आज हात जोडून सांगते: एक सुई, एक सिरिंज, एक पेशंट, आणि फ्लशला 10 मिलीची छोटी अँप्यूल. ती काही रुपयांना मिळते. बाटली उरली म्हणून दुसऱ्याला वापरायची नाही.

आता ऑटोक्लेव्ह. तुमच्याकडे उभा, कुकरसारखा असेल असं धरते. 121 अंश, 15 पौंड दाब, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक वेळ मोजण्यात होते. बटण दाबल्यापासून नाही, काटा 121 वर पोचल्यापासून वेळ मोजायची, आणि कापडात बांधलेल्या सामानाला तिथून पुढं 30 मिनिटं द्यायची. आधी आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्या. हवा अडकली तर दाब दिसतो, पण वाफ पुडक्याच्या पोटापर्यंत जात नाही. कोंबून भरू नका, दोन पुडक्यांमध्ये हात जाईल एवढी जागा ठेवा. मध्येच लाइट गेली तर झालेली 20 मिनिटं विसरून जा, पुन्हा शून्यापासून. आणि पुडकं ओलं निघालं तर ते निर्जंतुक नाही, मग पट्टीवर कितीही काळे पट्टे उमटलेले असोत. बाहेरची चिकटपट्टी काळी होते म्हणजे तिला उष्णता लागली एवढंच. पुडक्याच्या आत टाकायची पट्टी वेगळी मिळते. आठवड्यातून एकदा जिवंत बीजाणूंची (जंतूंच्या उष्णता सोसणाऱ्या चिवट रूपाची) चाचणी करा, तीच खरी परीक्षा.

आपल्याकडे यात एक भर आहे. आपलं बोअरचं पाणी जड. ऑटोक्लेव्हच्या तळाला, कॉइलवर, झडपेत पांढरा थर बसतो, झडप नीट बसत नाही, काटा खोटं बोलतो. तळाला नख लावून बघा. पापुद्रा निघाला तर मेकॅनिक बोलवा, आणि यापुढं डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घाला.

पाण्याविषयी थोडं जास्त बोलते, कारण मुंबई-पुण्याच्या पुस्तकात हा धडा सापडत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी त्याच जिल्ह्यात एका रुग्णालयात होते. वॉश बेसिनच्या नळाला पाणी नव्हतं. म्हणून बेसिनशेजारी एक प्लास्टिकचं पिंप ठेवलं गेलं आणि त्यात एक मग. प्रत्येक जण पिंपात हातासकट मग बुडवायचा, मग हात धुवायचा. म्हणजे हात धुण्याआधीचे सगळे हात त्या पाण्यात. दोन दिवसांनी एका वॉर्डबॉय मामांनी स्वतःहून त्या पिंपाला खाली तोटी बसवून आणली आणि वर झाकण बांधून टाकलं. कुठल्याही प्रशिक्षणात मी एवढं उपयोगी काम पाहिलं नव्हतं.

टंचाईत दुसरा आधार म्हणजे अल्कोहोलचं हॅन्डरब. हातावर दिसणारी घाण, रक्त किंवा पू नसेल तर साबण-पाण्याची गरजच नाही, तळहातभर हॅन्डरब घेऊन 20 ते 30 सेकंद, बोटांची टोकं आणि अंगठे धरून, वाळेपर्यंत चोळायचं. साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात, पाणी वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेनं ते जागेवर तयार करायची कृती दिली आहे. 10 लिटरसाठी 99.8 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल 7515 मिली, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, ग्लिसरॉल 145 मिली, आणि 10 लिटर होईपर्यंत उकळून गार केलेलं पाणी. भरल्यावर 72 तास बाजूला ठेवायचं, मगच वापरायचं. हे काम फार्मासिस्टकडून करून घ्या, आणि साठा आगीपासून व उन्हापासून लांब. ग्लिसरॉलमुळं हाताला भेगा पडत नाहीत, आणि ज्या सिस्टरच्या हाताला भेगा पडतात ती हात धुणं टाळते, हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. बाटली बेसिनपाशी नको, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हवी. चार पावलं चालावं लागलं की माणूस विसरतो.

टँकर आला की टाकीत उतरवण्याआधी क्लोरीन तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे क्लोरोस्कोप असतो, थेंब टाकल्यावर पिवळी झाक दिसली पाहिजे. टाकी आतून कधी घासली होती ती तारीख टाकीवरच रंगवा. ऑक्सिजनच्या बाटलीत, नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी अजिबात नको, निर्जंतुक पाणीच, आणि बाटली रोज धुऊन कोरडी. हायपोक्लोराइटचंही ऊन वैरी आहे. आपल्या 42 अंशांत गच्चीखालच्या खोलीत ठेवलेल्या कॅनचा जोर झपाट्यानं कमी होत जातो. 5 टक्क्यांचं असेल तर एक भागाला चार भाग पाणी म्हणजे 1 टक्का होतं. रोज सकाळी ताजं करायचं, झाकून ठेवायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. संडास साफ करायच्या ॲसिडजवळ ते जाऊसुद्धा देऊ नका, विषारी वायू होतो.

ओटीतल्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते, कारण त्या तुम्हाला बहुधा माहीत आहेत, फक्त होत नाहीत. आदल्या रात्री ब्लेडनं केस काढणं बंद. ब्लेडच्या बारीक चिरांमध्ये रात्रभरात जंतू वाढतात. केस आड येत नसतील तर तसेच ठेवा, येत असतील तर ऑपरेशनच्या आधी क्लिपरनं कापा. अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याच्या आधी, 60 मिनिटांच्या आत. बाळाची नाळ कापल्यावर देण्याची जुनी सवय असेल तर ती मोडा. बहुतेक सिझरला एवढा एक डोस पुरतो, पाच दिवस देऊन जखम जास्त सुरक्षित होत नाही. बेटाडिन लावल्यावर वाळू द्या, लगेच पुसू नका. स्पिरिट असलेलं द्रावण तर पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं उपकरण) लावायचीच नाही, पेट घेतं. फ्युमिगेशन थांबवा. त्यात वापरतात ते फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे, त्याची शिफारस आता केली जात नाही, आणि धुरानं टेबलाखालची वाळलेली रक्ताची थेंबं निघत नाहीत. साबण-पाण्यानं घासणं, ओलं पुसणं आणि दार बंद ठेवणं, यानं जास्त होतं. वॉर्डात कोरडा झाडू नको, धूळ उठून जखमेवर बसते.

या सगळ्यात अवघड भाग साहित्याचा नाही, तोंड उघडण्याचा आहे. डॉक्टर हात न धुता ड्रेसिंग उघडायला लागले तर तुमच्याकडची सर्वांत लहान सिस्टर ‘सर, हात’ असं म्हणू शकते का? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तेव्हा असलेले डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाचच पायऱ्या ठरवल्या: हात धुणं, पेशंटला पूर्ण निर्जंतुक चादरीनं झाकणं, क्लोरहेक्सिडिननं त्वचा साफ करणं, जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपली की नळी काढणं. मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये हे राबवलं आणि 2006 साली निकाल प्रसिद्ध झाला. नळीच्या दर हजार दिवसांमागे 2.7 संसर्ग हा मध्यक (निम्म्या आयसीयूंचा आकडा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. पायऱ्यांत नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते हे, की पायरी चुकली तर नर्सनं डॉक्टरला थांबवायचं, आणि तिच्या पाठीशी रुग्णालय उभं राहील असं आधीच ठरलेलं होतं.

तुमच्या डॉक्टरांशी हेच एकांतात बोला, पेशंटसमोर नाही. म्हणा, ‘सर, आपण एक महिना करून बघू. मी किंवा कुणीही हाताची आठवण केली तर तुम्ही फक्त थँक्यू म्हणा.’ मी हे चार डॉक्टरांशी बोलले. तिघांनी ऐकलं. चौथ्यांनी ऐकलं नाही, पण त्यांच्याच केसेसचा आकडा महिन्याच्या शेवटी शेजारच्या रकान्यात दिसला तेव्हा त्यांनी स्वतः वही मागवून घेतली. म्हणून आकडा सगळ्यांना दिसेल असा लावा, पण नावं न लिहिता. आपण दोषी शोधायला लागलो की लोक लपवायला लागतात.

हे आकडे सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचायला दिवस हवा असेल तर 17 सप्टेंबर घ्या. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला सकाळी झेंड्यासाठी सगळे जमलेलेच असतात, आणि 2019 पासून त्याच तारखेला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो. झेंडावंदनानंतर 10 मिनिटं थांबवा आणि वर्षाचे आकडे वाचून दाखवा, मावशी आणि मामांसकट सगळ्यांना.

मावशींविषयी मला मनापासून सांगायचं आहे. तुमच्याकडे फरशी पुसणाऱ्या, बादली उचलणाऱ्या मावशींना हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का? शून्य, एक आणि सहा महिने, तीन डोस. सिस्टरला दिलेली असते, मावशीला नसते, आणि कचऱ्यातली सुई टोचते मावशीलाच. सुईला टोपण परत लावायचं नाही, वापरली की तिथंच कटरमध्ये आणि पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. नळ्या, सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत, रक्ताळलेला गॉज आणि बाळंतपणात पडणारी वार पिवळ्यात, काच निळ्यात. एवढी रंगांची शिकवणी त्यांना तुम्ही स्वतः द्या, ठेकेदारावर सोडू नका. आणि टोचलंच तर दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीसाठीची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि पुढं 28 दिवस घ्यायची. कामावरून काढतील या भीतीनं मावशी गप्प बसली तर ते तास निघून जातात. ज्या रुग्णालयात मावशी न घाबरता सांगते तिथलं बाकीचं कामही बहुतेक वेळा ठीक असतं, असा माझा अनुभव आहे.

आता डॉक्टरांचा आरोप, पेशंट स्वच्छता पाळत नाहीत. खरं आहे की जीप भरून माणसं येतात, खाटेवर बसतात, बाळाला या हातातून त्या हातात देतात. पण त्यांना आपण काय सांगितलेलं असतं? ‘गर्दी करू नका’ असं ओरडून. मी ओरडणं सोडलं आणि बाळाच्या आजीला धरलं. आजी म्हणजे त्या खाटेची मालकीण. तिला हॅन्डरबची बाटली हातात दिली आणि सांगितलं, ‘माय, या लेकराला आणि बाळंतिणीला जो कुणी हात लावेल, मग मी असो की डॉक्टर असो, त्याच्या हातावर आधी हे टाकायचं.’ दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांपुढं त्या बाईनं बाटली धरली. डॉक्टर क्षणभर थांबले आणि हात पुढं केला. मी तिथंच उभी होते. जखमेवरची पट्टी पदराखाली ओली होऊ द्यायची नाही, राख-हळद-तेल काही लावायचं नाही, हेसुद्धा बाळंतिणीपेक्षा आजीलाच सांगा. घरी गेल्यावर निर्णय तिचा असतो.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब करूनच मागा. एका पिकलेल्या सिझरला जादा खाट किती दिवस लागली, भारी इंजेक्शन किती लागली, ड्रेसिंग किती झाली, पुन्हा टाके घालावे लागले का, हे पाचही जणींचं मांडा. शेजारी 40 फडकी, एक क्लिपर, हॅन्डरबचं सामान आणि ऑटोक्लेव्हच्या चाचणीचा खर्च लिहा. दोन्ही रकाने एका पानावर घेऊन जा.

या आठवड्यात एवढंच करा: ड्रम आणि चिटल काढा, सुई खोचलेली बाटली फेका, ऑटोक्लेव्हची वेळ काटा पोचल्यापासून मोजा, आणि 41 जणींपैकी ज्यांना फोन झालेला नाही त्यांना फोन करा. बाकीचं पुढच्या महिन्यात. पाचवीची जखम अजून उघडी असेल तर तिचा नमुना उद्या सकाळीच काढा, दुपारच्या उन्हाआधी अंबाजोगाईला पोचेल असा, आणि चिठ्ठीवर कितव्या दिवशी स्राव सुरू झाला ते लिहायला विसरू नका.